मावळ्यांचा रंग चिकटतो, तडकतो, सुटतो: ऑइलपेंट आणि अ‍ॅक्रेलिक एकत्र वापरताना

वसुबारसेच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या सोसायटीतली मुलं पिशवीत मावळे घेऊन माझ्या दारात उभी राहतात. बारा-तेरा वर्षं झाली याला. "काकू, हा बघा ना, हाताला चिकटतोय." मुलं मोठी होऊन गेली, त्यांची धाकटी भावंडं येऊ लागली, पण बिघाड तोच. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची बाजारातली चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, बहुतेक वेळा चकचकीत ऑइलपेंटने, म्हणजे दुकानदार ज्याला इनॅमल म्हणतो त्याने रंगवलेली असतात. मुलांकडे घरी असतात पाण्यात कालवायच्या अ‍ॅक्रेलिकच्या बाटल्या. गेल्या वर्षीच्या मावळ्याला नवा अंगरखा द्यायचा म्हणून अ‍ॅक्रेलिक चढतं, वर कुणीतरी बाबांच्या डब्यातला ऑइलपेंट लावतं, आणि दोन दिवसांत चित्राचं रूप जातं.

हे दोन्ही रंग एका चित्रावर नीट नांदतात. फक्त कोणता खाली, कोणता वर आणि मधे किती दिवस, हे पाळावं लागतं. बिघडलेलं चित्र फेकू नका. आधी त्याला नक्की काय झालंय ते बघा.

लक्षणं

रंग दिसायला कोरडा, पण बोट ठेवलं की ठसा उठतो आणि धूळ, कापसाचे तंतू चिकटून बसतात.

वरचा थर सायीसारखा गोळा होऊन सुरकुत्या पडल्या आहेत, विशेषतः काखेत, पागोट्याच्या घड्यांत, ढालीच्या मागे, जिथे रंग साचतो तिथे.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, आणि तड्यांतून खालचा रंग दिसतो.

अ‍ॅक्रेलिक लावताना पसरतच नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब होतात. कसाबसा बसला तर वाळल्यावर नखाने अख्खा पापुद्रा निघतो.

बारीक काम करताना, डोळे किंवा मिशी काढताना, खालचा रंग विरघळून ब्रशला येतो.

आणि दरवर्षी हमखास येणारं: चित्र किल्ल्यावर मांडलं, तीन-चार दिवसांत पायाकडून पोपडे निघू लागले.

पहिली तपासणी: वास आणि नख

याला खर्च काही नाही. चित्र नाकाजवळ धरा. तेलकट, टर्पेंटाइनसारखा वास येत असेल तर ऑइलपेंट अजून वाळतोय. मग तळाशी, जिथे दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून तशीच राहिली तर तो आतून मऊ आहे.

हे पहिलं का, तर निम्म्याहून जास्त चित्रांचं दुखणं इथेच सापडतं. अ‍ॅक्रेलिक वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडतं आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून पातळ कातडी तयार होते. पातळ हात अर्ध्या तासात कोरडा. ऑइलपेंटचं तसं नसतं. त्यातलं टर्पेंटाइन काही तासांत उडतं आणि पृष्ठभाग कोरडा लागतो, पण त्यानंतर तो हवेतला ऑक्सिजन घेत घेत आतपर्यंत घट्ट होतो. हे काम दिवसांचं आहे, जाड थर असेल तर आठवड्यांचं. गरम दुधावर साय धरते आणि खाली दूध तसंच असतं, तशी त्याची अवस्था असते. त्या सायीवर तुम्ही अ‍ॅक्रेलिक लावला की तो पटकन वाळून आकसतो, खालचा मऊ थर हलत राहतो, आणि वरच्याला तडे जातात. कोळ्याच्या जाळ्याचं कारण हेच.

उपाय म्हणजे थांबणं. हवेशीर, कोरड्या, उजेडाच्या जागी चित्र ठेवा. बंद कपाटात किंवा डब्यात नको, तिथे त्याला हवाच मिळत नाही. ताज्या, जाड रंगाला कडक उन्हात ठेवण्याचीही घाई नको, वरची साय अजून लवकर धरते आणि सुरकुत्या वाढतात. माझा हिशेब असा: ऑइलपेंटचा एक पातळ हात असेल तर आठवडा, जाड असेल तर तीन आठवडे, आणि पावसाळी हवेत त्याहून जास्त. वास पूर्ण गेला आणि नख उमटलं नाही, की मगच त्यावर दुसरं काही.

तीन आठवड्यांनंतरही चिकट असेल तर रंग कसा कालवला होता ते विचारा. दोन गोष्टी मी वारंवार पाहिल्या आहेत. एक, डबा ढवळलेला नसतो. रंगद्रव्य तळाला बसतं, वर तेलकट पातळ भाग राहतो, आणि मुलं ब्रश वरच्या वर बुडवतात. काडी तळाला टेकवून, खालचा गाळ पूर्ण सुटेपर्यंत ढवळायला हवं. दुसरी, घरात टर्पेंटाइन नाही म्हणून रॉकेल घातलेलं असतं. रॉकेल हळू उडतं आणि तेलकटपणा मागे ठेवतं. असा थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढलेला बरा, त्याची वाट बघू नका.

दुसरी: चित्र उलटं करा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

आपण किल्ल्याच्या मातीत अळीव, मोहरी पेरतो आणि हिरवळ टिकावी म्हणून रोज पाणी शिंपडतो. मावळा त्या ओल्या मातीत उभा असतो. वरून त्याला दोन-दोन रंगांचे हात, पण तळ कोरा. प्लास्टर असो की भाजलेली माती, दोन्ही पाणी शोषतात. दिव्याची वात तेल वर ओढते तसं ते पाणी तळातून पायांत, पायांतून गुडघ्यापर्यंत चढतं. वर ऑइलपेंटचा बंद थर असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग ते रंगाला आतून ढकलतं. म्हणून पोपडे पायाकडून सुरू होतात. माझ्याकडे एका वर्षी आलेल्या एका भालदाराच्या डोक्यावरचं पागोटं अगदी लखलखीत होतं आणि पोटऱ्यांवरचा रंग नळीसारखा अख्खा निघून हातात आला. आतलं प्लास्टर ओलसर, करडं. वर्षभर मुलगा समजत होता की त्याने घेतलेला रंग हलका आहे.

ओल ओळखायची सोपी रीत: चित्राचा तळ गालाला लावा. गार लागला तर ओल आहे. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर आज वजन करा, परवा करा. वजन उतरत असेल तोवर ते वाळतंय. वजन स्थिर झालं की रंगायला घ्या. वाळवायला पंख्याखाली, सावलीत ठेवा. ओव्हन, तवा, हेअर ड्रायरची कडक हवा नको. प्लास्टर तापलं की त्याच्या रचनेतलंच पाणी उडू लागतं आणि चित्र भुसभुशीत होतं.

वाळल्यावर सुटलेले पोपडे काढा आणि तळाला, बैठकीच्या कडांसकट, पातळ केलेल्या ऑइलपेंटचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. त्यानंतरही मावळा थेट मातीत रोवू नका. खाली फरशीचा तुकडा किंवा बाटलीचं झाकण ठेवून वरून कोरडी माती भुरभुरवा. दिसत नाही आणि पाय कोरडे राहतात.

नुसत्या वाळवलेल्या, न भाजलेल्या शाडूच्या चित्राला हे लागू नाही. ते ओल्या मातीत उभं करायचंच नाही.

तिसरी: धुवून बघा

रंग पसरत नसेल, थेंब होत असतील, तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब कोमट पाण्यात टाका, मऊ टूथब्रशने चित्र हलकं घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. प्लास्टिकचं किंवा धातूचं चित्र सरळ नळाखाली धरलं तरी चालेल. प्लास्टर आणि माती असेल तर नुसतं पुसायचं, आणि आधी एका कोपऱ्यात रंग पाण्याने सुटत नाही ना ते पाहून. वर्षभर माळ्यावर पडलेल्या चित्रावर धूळ, उदबत्तीचा धूर, तेलाचे हात हे सगळं बसलेलं असतं. पाण्यातला रंग त्याला धरत नाही. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. धुतल्यानंतर चित्र बैठकीला धरा, अंगाला बोटं लावू नका.

चौथी: खाली आहे तरी काय?

बाजारातल्या चित्रावर कोणता रंग आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. कान साफ करायच्या तीन काड्या घ्या. पहिली साध्या पाण्यात बुडवून तळाकडे घासा. रंग आला तर तो पोस्टर कलर किंवा डिस्टेंपर आहे. नाही आला तर दुसरी काडी स्पिरिटमध्ये किंवा हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये बुडवून अर्धा मिनिट घासा. आता रंग मऊ होऊन आला तर अ‍ॅक्रेलिक. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुतेक ऑइलपेंट. तिसरी काडी टर्पेंटाइनची: ऑइलपेंट असूनही रंग सहज उतरला, तर तो अजून कच्चा आहे.

ही तपासणी पुढचं सगळं ठरवते. पोस्टर कलरवर पाण्यातला अ‍ॅक्रेलिक लावला की खालचा रंग विरघळून ब्रशला येणारच, मिशी काढताना गाल पुसला जातो तो असा. तिथे आधी वॉर्निशचा पातळ हात देऊन रंग बांधून घ्यायचा. अ‍ॅक्रेलिक खाली असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे, रात्रभर वाळू द्या आणि वर दोन्हींपैकी कोणताही रंग लावा. ऑइलपेंट असेल तर पुढे वाचा.

पाचवी: पातळ कशाने केलं?

रंगवताना वापरलेली बाटली उचलून तिचं नाव वाचा. टर्पेंटाइन आणि थिनर हे एकच, असं समजून हार्डवेअरच्या दुकानातून काहीही आणलं जातं. टर्पेंटाइन सौम्य असतं, वाळलेल्या अ‍ॅक्रेलिकला ते काही करत नाही. लाकडावरच्या लॅकरसाठी मिळणारं उग्र वासाचं एनसी थिनर मात्र अ‍ॅक्रेलिक विरघळवतं, अर्धवट वाळलेला ऑइलपेंट फुगवून उचलतं आणि कडक प्लास्टिकचं चित्रच खातं. स्प्रेच्या डब्यांतही बरेचदा असेच उग्र द्रव असतात. चांगला दिसणारा ऑइलपेंट स्प्रे मारल्याबरोबर डोळ्यांदेखत सुरकुतला, तर कारण हे.

जिथे सुरकुत्या पडल्या आहेत तो भाग वरून रंग भरून लपत नाही. पूर्ण वाळू द्यायचा आणि घासून सपाट करायचा.

सहावी: तलवार वाकवून बघा

प्लास्टिकच्या मावळ्याची तलवार हलकेच वाकवा. ताठ असेल आणि वाकवताना मोडेल असं वाटलं तर कडक प्लास्टिक, त्यावर दोन्ही रंग बसतात. वाकून परत सरळ झाली तर मऊ प्लास्टिक, आणि इथे गोष्ट वेगळी.

मऊ प्लास्टिकच्या एका प्रकारात, पीव्हीसीत, लवचिकपणासाठी एक तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो हळूहळू बाहेर येतो आणि ऑइलपेंटला कधीच घट्ट होऊ देत नाही. महिनाभर वाट पाहिली तरी मावळा चिकटच राहतो. त्यावर पहिला थर पाण्यातल्या अ‍ॅक्रेलिकचाच हवा, पातळ, दोन हात. ऑइलपेंट लावायचाच असेल तर त्याच्या वर, तोही डोळे-बटणांपुरता. आधीच लावून बसला असाल तर तो टर्पेंटाइनने पुसून काढण्याला पर्याय नाही. मऊ प्लास्टिकचा दुसरा प्रकार, पिशवीत शंभराने मिळणाऱ्या एकरंगी सैनिकांचा, मेणचट असतो. त्यावर कुठलाच रंग नीट धरत नाही. त्यांना तसंच ठेवा, मुलांचा वेळ वाया घालवू नका.

सातवी: सेलोटेप

रंग वाळलेला आहे, धुतलेला आहे, पण धरून बसलाय का? पाठीमागच्या बाजूला ब्लेडच्या टोकाने चार-पाच बारीक उभ्या आणि तेवढ्याच आडव्या रेघा ओढा, वर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर चौकोनाचे तुकडे आले तर वरचा थर नुसता टेकलेला आहे. त्यावर कितीही नवे हात दिले तरी सगळे मिळून एकदम सुटतील. टेप स्वच्छ आली तर खालचं काढायची गरज नाही, तिथेच दुरुस्ती करा.

आठवी: घासणं आणि पुन्हा रंगवणं

चकचकीत ऑइलपेंटवर अ‍ॅक्रेलिक बसवायचा असेल तर चकाकी मारावीच लागते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, चार बोटांनी नाही तर पेन्सिलीच्या मागच्या रबराला गुंडाळून, गोल गोल हलकं फिरवा. प्लास्टर असेल तर पेपर फक्त ओलसर ठेवा. पृष्ठभाग पाटीच्या पेन्सिलीसारखा मंद दिसू लागला की थांबा. नाक, बोटं, मिशी यांवर पेपर फिरवू नका, तिथे मॅट वॉर्निशचा पातळ हात पुरतो. त्यानंतर अ‍ॅक्रेलिकचे दोन-तीन पातळ हात, एका जाड हाताऐवजी.

सगळं नव्याने करत असाल तर क्रम उलटा ठेवा. अंगरखा, पागोटं, चेहरा, घोडा, सगळे मोठे भाग अ‍ॅक्रेलिकमध्ये. एक रात्र वाळू द्या. वर चकचकीत अ‍ॅक्रेलिक वॉर्निशचा एक हात. आणि मग ऑइलपेंटची खरी गंमत: गडद तपकिरी थेंबभर घेऊन टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करायचा आणि अंगरख्याच्या चुण्यांवर ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. रंग आपोआप चुणीतून धावत जातो. दहा-पंधरा मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने उंचवट्यावरचा पुसून घ्या. खालच्या अ‍ॅक्रेलिकला टर्पेंटाइन लागत नाही, म्हणून चूक झाली तर सगळं पुसून पुन्हा करता येतं. सहा सेंटिमीटरच्या मावळ्याच्या अंगरख्यात सावली पडते, कमरेचा शेला वेगळा दिसतो, बोटं मोजता येतात. खऱ्या माणसाच्या १/७२ किंवा १/३५ प्रमाणातले सैनिक रंगवणारी मंडळी जगभर हेच करतात, आपल्या मावळ्यांवर ते तितकंच शोभतं. हे पाहून एखाद्या मुलाचा चेहरा जो खुलतो त्यासाठी मी दरवर्षी ही कटकट आनंदाने घेते.

टर्पेंटाइनचं काम मोठ्यांनी करायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि पणत्या लावायच्या वेळी नाही. फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तेलकट रंगाचा बोळा आतून तापू शकतो. बाहेर पसरून वाळवा. मुलांच्या हातात फक्त अ‍ॅक्रेलिक द्या.

इथे थांबा आणि जाणत्याकडे जा

सगळा रंग काढायची वेळ आली तर चित्र कशाचं आहे ते पाहून ठरवा. कडक प्लास्टिकवरचा अ‍ॅक्रेलिक स्पिरिटने निघतो, ते घरी करता येईल. हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर मात्र प्लास्टिकवर लावायचं नाही, चित्र वितळतं. प्लास्टरवर किंवा मातीवरही नाही, ते आत मुरतं आणि पुढचा कुठलाच रंग बसू देत नाही.

रंगाबरोबर अंगाची पूड निघत असेल, पृष्ठभागावर पांढरे खार फुटत असतील, किंवा आतली तार गंजून चीर पडली असेल, तर तो रंगाचा प्रश्न राहिलेला नाही. मूर्तिकाराकडे न्या. पुण्यात कुंभारवाड्यात, रायगडात पेणला, आणि तुमच्या गावातही गणपती करणारे हात असतातच. गणपतीनंतर ते जरा मोकळे असतात, दिवाळीच्या आदल्या दिवशी गाठू नका.

आजोबांच्या वेळची, जुन्या ऑइलपेंटची चित्रं घासू नका, ओली करूनही नाही. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल रंगात, शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. शिशाच्या ओतीव जुन्या सैनिकांवर पांढरी-करडी भुकटी दिसली तर हात लावल्यावर साबणाने धुवा आणि ते मुलांपासून दूर ठेवा. अशी चित्रं जपायची असतील तर संग्रहालयात काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. पूजेतल्या मूर्तीबाबतही हेच, घरी प्रयोग नको.

नेताना चित्र प्लास्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका. कच्च्या ऑइलपेंटला प्लास्टिक चिकटतं आणि कागदाची शाई अंगरख्यावर उलटी उमटते. बुटांच्या खोक्यात जुन्या मलमलीची गादी करा, चित्र आडवं ठेवा, आणि सुटलेले पोपडे वेगळ्या पाकिटात घालून सोबत द्या. मूळ रंग कोणता होता हे मूर्तिकाराला त्यांवरूनच कळतं.